नाताळच्या सुट्टीत आईबापांनी स्वतःसाठी एक तास कसा काढावा

नाताळात शाळेला सुट्टी लागते, आपल्याला नाही. ऑफिस चालू, घरी पाहुणे, शेतावरच्या हुरड्याची आमंत्रणं आणि मुलं दिवसभर डोळ्यांसमोर. अशा दिवसांत ‘पहाटे पाचला उठा, ध्यान करा’ असा सल्ला कोणी दिला की मला राग येतो. २९ डिसेंबर २०१८ ला आमच्या नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. दरवर्षी एवढं थंड होत नाही, पण रात्री बारापर्यंत ओटा आवरणाऱ्या माणसानं डिसेंबरच्या गारठ्यात पाचला उठूच नये. झोपावं. सुट्टीत सगळ्यात आधी झोप भरून काढा.

मग घड्याळात एक तास ठरवा. ऑफिस नसेल त्या दिवशी सकाळी साडेदहा ते साडेअकरा, कारण तेव्हा ऊन छान असतं. ऑफिसच्या दिवशी घरी परतल्यावर अर्धा तास पुरे.

आता खरं अवघड काम: मुलं दुसऱ्याच्या हाती सोपवून घराबाहेर पडणं. मला हे जमायला तीन हिवाळे लागले.

पहिल्या वर्षी मी विचारायची, “मला जरा वेळ मिळेल का?” असं विचारलं की उत्तर ‘बघू’ असंच येतं. म्हणून विचारू नका. आदल्या रात्री जेवताना सांगा, “उद्या साडेदहा ते साडेअकरा मी घरी नाही, मुलं तुझ्याकडे.” वेळ सांगा, कारण सांगू नका. कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते.

दुसऱ्या वर्षी मी निघण्याआधी सगळी तयारी करून ठेवायची. संत्री सोललेली, वरण-भात झाकून ठेवलेला, धाकट्याचे कपडे पलंगावर काढलेले. एका तासाच्या विश्रांतीसाठी दीड तासाची मेहनत! ही चूक कृपा करून करू नका. ज्याच्याकडे मुलं दिली, तयारीही त्यानंच करायची. आणि मुलं आजीच्या अंगावर टाकून नवरा मोबाइल घेऊन बसला, तर त्यानं जबाबदारी घेतली असं मी मानत नाही. सासूबाईंनी आपली मुलं वाढवली आहेत, त्यांनाही दुपारी पाठ टेकवायची असते.

घरातल्याच खोलीत दार लावून बसू नका. दहा मिनिटांत दारावर थाप पडते. चप्पल घाला आणि निघा. फोन सोबत असू द्या, पण घरच्यांना आधीच बजावा: ताप, पडणं, रक्त, एवढ्यासाठीच फोन. मी एकदा अंबाझरी तलावाच्या काठावर जेमतेम पोचले, तर फोन आला, “याचं स्वेटर कुठी ठेवलं?” मी अर्ध्यातून परत आले, आणि त्यानंतर पूर्ण आठवडा मला बाहेर पडताच आलं नाही. आज मी म्हणेन, “कपाटात बघ,” आणि चालत राहीन.

परत आल्यावरची परीक्षा सगळ्यात कठीण. धाकट्यानं स्वेटर उलटं घातलेलं असेल, मॅगी खाल्लेली असेल, गादीवर संत्र्याची सालं पडलेली असतील. एक अक्षर बोलू नका. मी बोलले होते, फक्त “हे काय?” एवढंच. दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, “मग तूच बघ.” मुलं सुखरूप आहेत ना, मग तास नीट पार पडला. सालं ज्याच्या पाळीत पडली, त्यानं उचलावी. आणि त्यालाही त्याचा तास द्या, तेवढ्याच काटेकोरपणे, बापही थकतो.

घरात दुसरं मोठं माणूस नसेल तर शेजारणीशी अदलाबदल ठरवा: आज तिची पोरं माझ्याकडे, उद्या माझी तिच्याकडे.

जायचं कुठे? सेमिनरी हिल्सच्या झाडीत चाला, नाहीतर गच्चीवर उन्हाला पाठ देऊन बसा. फुटाळा तलावावर सुट्टीच्या संध्याकाळी जाऊ नका, ३१ डिसेंबरला तर मुळीच नाही. त्या गर्दीत डोकं शांत होत नाही. तासाभरात भाजी, इस्त्रीचे कपडे, बँक यांतलं काहीही उरकायचं नाही.

आमंत्रणांपैकी दोन घ्या, बाकीच्यांना सरळ “यंदा जमणार नाही” म्हणा.

रात्रीसाठी एकच गोष्ट सांगते. थंडीत टाचा भेगाळतात आणि आपण त्या मार्चपर्यंत तशाच ठेवतो. कोकमतेलाचा घट्ट गोळा मिळतो; त्याचा हरभऱ्याएवढा तुकडा चमच्यात घेऊन गॅसवर क्षणभर धरा. वितळला की कोमट होऊ द्या. पाय धुऊन कोरडे करा, तेल भेगांत अंगठ्यानं जिरवा आणि सुती मोजे घालून झोपा. माझ्या थोरलीनं एकदा शेजारी बसून माझी दुसरी टाच चोळून दिली. मी तिला थांबवलं नाही.