‘एल’ की ‘ला’? स्पॅनिश शिकताना या चुका टाळा

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना स्पॅनिश सोपी वाटते. ‘ओ’ने संपलं की पुल्लिंगी, ‘आ’ने संपलं की स्त्रीलिंगी, पुल्लिंगी नामाआधी ‘एल’ आणि स्त्रीलिंगी नामाआधी ‘ला’ हे आर्टिकल (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द), अनेकवचनाला ‘स’ लावा, झालं! मग कुणीतरी ‘ला प्रोब्लेमा’ म्हणतं आणि मी कपाळाला हात लावते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नाम आर्टिकलशिवाय पाठ करणं. माझा एक विद्यार्थी, आयटीतला, क्लायंट मेक्सिकोचा. घाई इतकी की विचारू नका. त्याने शब्दांची कार्डं केली होती, एका बाजूला स्पॅनिश, दुसऱ्या बाजूला मराठी. ‘एल’, ‘ला’ कुठेच नाही. विचारलं तर म्हणे, “मॅडम, लिंग नंतर बघू, आधी शब्द तर होऊ देत.” पुढे त्याने क्लायंटला मेल लिहिला, कंपनीचं भांडवल वाढलंय असं सांगायला. लिहिलं ‘ला कापिताल’. भांडवल म्हणजे ‘एल कापिताल’. ‘ला कापिताल’ म्हणजे राजधानी. पलीकडून उत्तर आलं, राजधानी वाढल्याबद्दल अभिनंदन, पण भांडवलाचं काय? ‘ओर्देन’चंही तेच. ‘एल ओर्देन’ म्हणजे क्रम, ‘ला ओर्देन’ म्हणजे हुकूम. ‘एल कुरा’ म्हणजे चर्चमधला पाद्री, ‘ला कुरा’ म्हणजे उपचार. शेवटी ती सगळी कार्डं पुन्हा लिहावी लागली, आणि दुरुस्त करायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त वेळ गेला, कारण चुकीचं जिभेवर बसलं होतं.

मी नुसतं आर्टिकलही पुरेसं मानत नाही. सोबत एक विशेषण लिहायला लावते, ज्याचं रूप लिंगानुसार बदलतं असं. ‘ला मानो इस्किएर्दा’, डावा हात. ‘एल मापा नुएवो’, नवा नकाशा. ‘ला लेचे फ्रीआ’, थंड दूध. आणि मोठ्याने म्हणायचं. मनातल्या मनात वाचणाऱ्यांचं लिंग चुकतंच, हे माझं ठाम मत आहे. रंगीत तक्ते आणि ‘दहा मिनिटांत सगळे नियम’वाले व्हिडिओ बघून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

‘मा’ने संपणारे ग्रीक वळणाचे शब्द बहुतेक पुल्लिंगी असतात: एल प्रोब्लेमा, एल तेमा, एल सिस्तेमा, एल इदिओमा, एल क्लीमा. म्हणून दिसेल त्या ‘मा’ला ‘एल’ लावत सुटू नका. ला कामा (पलंग), ला फोर्मा, ला ब्रोमा (थट्टा) स्त्रीलिंगीच आहेत. ‘सिओन’ आणि ‘दाद’ने संपणारे स्त्रीलिंगी. मात्र ‘एल आविओन’, म्हणजे विमान, पुल्लिंगी. तिथे शेवटी ‘सिओन’ नाहीच, नीट बघा.

आता आपली खास मराठी चूक. मराठीतलं लिंग उचलून स्पॅनिशमध्ये ठेवायचं. नदी स्त्रीलिंगी म्हणून ‘ला रीओ’. बरोबर ‘एल रीओ’. नपुंसकलिंगी शब्द आला की तर पंचाईतच, मग कुठूनतरी ‘लो’ शोधून काढतात आणि ‘लो लिब्रो’ लिहितात. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नाम नाही. ‘लो’ विशेषणाआधी येतं, ‘लो बुएनो’, म्हणजे जे चांगलं आहे ते. पुस्तकाला ‘एल लिब्रो’च.

गोव्यातल्या ज्यांच्या घरी पोर्तुगीज आहे त्यांचं दुखणं वेगळं. शब्द ओळखीचे, म्हणून लिंगही तेच धरतात. दूध, मीठ, नाक, रक्त पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी; स्पॅनिशमध्ये चारही स्त्रीलिंगी. झाड, पूल आणि रंग नेमके उलटे, तिकडे स्त्रीलिंगी, इकडे पुल्लिंगी.

विशेषणाचं अनेकवचन विसरणं, हेही आपल्याच सवयीचं पाप. आपल्याकडे लाल गाडी, लाल गाड्या. ‘लाल’ जागचा हलत नाही. त्यामुळे मोठी घरं म्हणायला वहीत हमखास ‘लास कासास ग्रांदे’ सापडतं (‘लास’ हे ‘ला’चं अनेकवचन). ‘ग्रांदे’ लिंगानुसार बदलत नाही, पण वचनानुसार बदलतं: लास कासास ग्रांदेस. ‘आसुल’चं (निळा) ‘आसुलेस’. मी पेन्सिलीने प्रत्येक शेवटच्या ‘स’खाली रेघ मारायला लावते. आर्टिकल, नाम, विशेषण, तिघांखाली रेघ आली नाही तर वाक्य परत.

‘आग्वा’चा घोळ मात्र समजून घ्या. पाणी स्त्रीलिंगी आहे, तरी ‘एल आग्वा’. एकवचनी स्त्रीलिंगी नामाची सुरुवात आघात (उच्चारातला जोर) असलेल्या ‘आ’ने होत असेल आणि आर्टिकल त्याला लागूनच येत असेल, तर ‘ला’ऐवजी ‘एल’ येतो. लिंग बदलत नाही. म्हणून ‘एल आग्वा फ्रीआ’, ‘लास आग्वास’, ‘एस्ता आग्वा’ (हे पाणी). ‘ला अमीगा’मध्ये (मैत्रीण) आघात ‘मी’वर आहे, म्हणून तिथे ‘ला’च. भूक म्हणजे ‘आंब्रे’, तीही याच गटातली, म्हणून मला खूप भूक लागली आहे हे ‘तेंगो मुचा आंब्रे’. ‘मुचो’ नाही! खुद्द स्पेनमध्येही लोक पुल्लिंगी रूप वापरून ‘एस्ते आग्वा’ बोलून जातात. कुणी चूक दाखवली की विद्यार्थी हाच दाखला तोंडावर फेकतात. परीक्षेत तो चालत नाही.

बाकीचं झटपट. ‘लापिस’चं (पेन्सिल) अनेकवचन लिहिताना शेवटच्या ‘सेता’च्या (z) जागी ‘से’ (c) अक्षर येतं. ‘कान्सिओन’वरचं (गाणं) आघातचिन्ह ‘कान्सिओनेस’मध्ये जातं, ‘खोवेन’वर (तरुण) नसलेलं ‘खोवेनेस’मध्ये येतं, आघात मूळ जागीच राहावा म्हणून ही सगळी कसरत. ‘लूनेस’ (सोमवार) आणि ‘क्रीसिस’ (संकट) अनेकवचनात बदलत नाहीत, फक्त आर्टिकल बदला. ‘लोस पाद्रेस’ म्हणजे आई-वडील. ‘दोन बाप’ असं भाषांतर करू नका. ‘ला पेर्सोना’ (व्यक्ती) पुरुषाबद्दल बोलतानाही स्त्रीलिंगीच. आणि ‘ला खेन्ते’ म्हणजे लोक, पण क्रियापद एकवचनी: ‘ला खेन्ते एस’. आपण ‘लोक आहेत’ म्हणतो म्हणून ‘सोन’ हे अनेकवचनी रूप लिहू नका. परवाच्या पेपरात अर्ध्या वर्गाने लिहिलं होतं.