इन्सुलिनच्या वापरलेल्या सुया: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

नव्याने इन्सुलिन सुरू झालेल्या पेशंटच्या घरी मी टोचायचं कसं ते शिकवायला जाते. डोस किती, पोटावर कुठे, जागा कशी बदलायची, हे सगळं लोक वहीत लिहून घेतात. वापरलेल्या सुईचं काय करायचं हे सांगायला लागले की मात्र "हो हो, टाकू कचऱ्यात" म्हणून विषय संपवतात. त्या कचऱ्यात नंतर कुणीतरी हात घालणार असतं, आणि ते कुणी त्या घरातलं नसतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे टोपण लावून सुई सुक्या कचऱ्यात टाकणं. "टोपण आहे ना, मग?" असं मला सुशिक्षित लोक विचारतात. पेन निडल, म्हणजे इन्सुलिनच्या पेनला लावायची सुई, एकदा उजेडात धरून नीट बघा. तिला दोन टोकं असतात. एक आपल्या कातडीत जातं, दुसरं मागच्या बाजूला असतं आणि पेनच्या रबरात घुसतं. टोपण फक्त पुढच्या टोकाला बसतं, मागचं उघडंच राहतं. शिवाय पिशवी दाबली गेली की टोपणही निघतं.

नेरुळच्या आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या मावशींना अशीच सुई लागली. रबरी हातमोजा होता, तो आरपार. पहिली गोष्ट त्यांनी काय केली असेल, तर बोट तोंडात घातलं. सगळे हेच करतात आणि हेच करायचं नाही. बोट चोखायचं नाही, पिळायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. मी त्यांना घेऊन सरकारी रुग्णालयात गेले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "सुई कुणाची?" कमिटीने ग्रुपवर मेसेज टाकला, वॉचमन दारोदार फिरला. बिल्डिंगमध्ये इन्सुलिन घेणारी माणसं आहेत हे आम्हाला माहीत होतं, पण एकानेही सुई आपली असल्याचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एक रक्ततपासणी करून बरंचसं निभावलं असतं. सुई कुणाची तेच कळेना, म्हणून मावशींना २८ दिवसांच्या एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या. त्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. शिवाय हिपॅटायटिस बीची लस. मळमळत असतानाही त्या कामावर यायच्या, कारण खाडा परवडत नव्हता. पुढच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या, पण ते महिने त्या बाईने कसे काढले ते मी पाहिलंय. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस टिकतो, तेव्हा "रक्त वाळलं, आता काय होतंय" हे मला ऐकवू नका.

उपाय साधा आहे. फिनाइलची किंवा कपड्यांच्या लिक्विड साबणाची जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली नको, सुई तिच्यातून बाहेर येते. काचेची बरणी तर नकोच, फुटली की दुप्पट काम. बाटलीवर मार्करने ठळक लिहा: "वापरलेल्या सुया, उघडू नका". मी ती जिथे इन्सुलिन टोचतात तिथेच, पण नातवंडांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवायला लावते. दुसऱ्या खोलीत ठेवलेली बाटली कुणी वापरत नाही. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळायची.

माझा दुसरा राग पेनवर सुई तशीच ठेवण्यावर आहे. "रोज कोण काढत बसणार?" सुई लावून ठेवली की इन्सुलिन गळतं, पेनमध्ये हवा जाते, डोस कमी पडतो, आणि मग "शुगर का वाढली" म्हणून मलाच फोन येतो. तीच बोथट सुई पुन्हा पुन्हा वापरली की कातडीखाली गाठी होतात. आणि पेन संपलं की अशी माणसं ते सुईसकट डस्टबिनमध्ये टाकतात. टोचून झालं की बाहेरचं मोठं टोपण टेबलावर ठेवा, पेन वरून त्यात उतरवा, टोपण फिरवून सुई काढा आणि तशीच बाटलीत टाका. आतलं बारीक टोपण परत लावायच्या फंदात पडू नका, बोटाला सुई लागते ती तिथेच.

काही उत्साही लोक पहिल्याच आठवड्यात ऑनलाइन निडल बर्नर मागवतात. जाळल्यावर उरलेला भागही बाटलीतच टाकायचा असतो, मग पैसे कशाला घालवायचे?

शुगर तपासताना बोटाला टोचायच्या बारीक सुया, म्हणजे लॅन्सेट, त्याही याच बाटलीत. स्ट्रिप आणि कापूस कागदात गुंडाळून सॅनिटरी कचऱ्याबरोबर. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावत असाल तर तो बसवायच्या ॲप्लिकेटरमध्येही सुई असते, तोही साध्या कचऱ्यात नको. कमोडमध्ये काहीही टाकायचं नाही, चोकअप काढणाराही माणूसच असतो. भंगारवाल्याच्या प्लास्टिकमध्ये सिरिंज मिसळू नका.

बाटली भरल्यावर द्यायची कुठे? २०१६ च्या घनकचरा नियमांनीच वापरलेल्या सुया-सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या, म्हणजे ओल्या-सुक्यापासून वेगळ्या. मी आधी आपल्या डॉक्टरांना किंवा लॅबला फोन करायला सांगते. त्यांच्याकडच्या सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यातून वेगळ्या गाडीने जातातच, काही जण पेशंटची बाटलीही घेतात. नाही म्हणाले तर नवी मुंबईत विभाग कार्यालयात, ठाण्यात प्रभाग समितीत विचारा. घंटागाडीवर द्यायचं ठरलं तर पिशवीत दडवून नाही, हातात द्या आणि आत सुया आहेत हे तोंडाने सांगा.

गणपतीला गावी जाताना झाकणाची छोटी प्लास्टिकची डबी बरोबर असू द्या. तिकडच्या उकिरड्यात सुया टाकू नका, डबी परत आणून घरच्या बाटलीत रिकामी करा.