बायपासनंतरची शुगर: आता धाक खालच्या आकड्याचा

माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं त्याला अडीच वर्षं झाली. गॅस्ट्रिक बायपास म्हणतात त्याला, हृदयाचा नव्हे, पोटाचा बायपास. आमच्या इंदूरच्या लोकमान्यनगरात अजूनही कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मग शुगर गेली ना?" गेली नाही हो. चौदा वर्षांचा जुना मधुमेह, त्यात दिवसाला ४६ युनिट इन्सुलिन. इतका मुरलेला आजार पूर्ण जाण्याची शक्यता कमीच, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण आयुष्यभर वरच्या आकड्याला भ्यायलेला मी आता खालच्या आकड्याला भितो. पुढच्या महिन्यात मामेभावाचं ऑपरेशन आहे. त्याला सांगितलं तेच इथे लिहितोय.

पहिली गोष्ट औषधांची. वजन उतरायच्या आधीच, पहिल्या काही दिवसांतच शुगर पडायला लागते. खाणं जवळपास नसतंच, आणि आतड्यातून इन्सुलिनला जोर देणारी संप्रेरकंही वाढतात. म्हणून जुन्या चिठ्ठीवर घरी येऊ नका. सुट्टी घेतानाच नवी चिठ्ठी मागा आणि प्रत्येक गोळीचं नाव घेऊन विचारा: ही चालू, कमी की बंद? माझं इन्सुलिन १० युनिटवर आणलं आणि तिसऱ्या आठवड्यात सुटलं. ग्लिमेपिराइड बंद केली, कारण पोटात अन्न नसलं तरी ती शुगर पाडते. डापाग्लिफ्लोझिन तर ऑपरेशनच्या आधीच थांबवतात. उपाशीपोटी ती चालू राहिली तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मेटफॉर्मिन राहिली, पण एसआर म्हणजे हळूहळू विरघळणारी नाही, साधी. मनाने मात्र यातलं काही बदलू नका.

मुलाच्या शाळेची उरलेली एक चौरेघी वही घेतली. रकाने चार: वेळ, काय खाल्लं, आकडा, कसं वाटलं. सुरुवातीला उपाशी, जेवणाआधी आणि झोपताना असं मोजायचो. मशीनमध्ये आकडे साठतात, पण त्या दिवशी काय खाल्लं ते मशीन सांगत नाही.

आता सराफ्याची गोष्ट. ऑपरेशनला चौदा महिने झाले होते, अंगात हुशारी आली होती. रात्री भाच्याबरोबर सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेलो आणि अर्धा ग्लास शिकंजी घेतली. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो, आमच्या इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, घट्ट गोड दुधाची चैन आहे ती. घरच्यांसाठी जलेबी बांधून घेतली. दोन तासांनी घरी हातपाय थरथरायला लागले, बनियन घामाने भिजलं, बायको काय विचारतेय तेच कळेना. मशीन लावलं तर १६८! मी म्हणालो, चांगली आहे की. बायको म्हणाली, "अहो, बोटं बघा आधी." पुड्यातला पाक बोटांना लागलेला. साबणाने हात धुऊन, पुसून परत मोजली: ५३.

बायपासनंतर अन्न सरळ लहान आतड्यात उतरतं. गोड झपाट्याने रक्तात शिरतं, शरीर घाबरून भरमसाट इन्सुलिन सोडतं आणि एक ते तीन तासांत शुगर कोसळते. हा त्रास बहुधा वर्ष उलटल्यावर सुरू होतो. मी तेव्हा फक्त मेटफॉर्मिनवर होतो आणि ती एकटी शुगर अशी पाडत नाही, म्हणजे गुन्हेगार शिकंजीच.

अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे पावडर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी परत मोजा. ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. मी त्या रात्री घाबरून अर्धी वाटी साखर खाल्ली, शुगर पुन्हा चढली आणि पुन्हा पडली. पहाटे तीनपर्यंत हाच खेळ. आकडा सावरला की लगेच पनीरचे दोन तुकडे किंवा मूठभर शेंगदाणे खा, म्हणजे टिकतो. माणूस बेशुद्ध पडला तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि असं दोनदा झालं तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

रोजच्या ताटात आधी प्रथिनं: पनीर, अंडं, मुगाचं धिरडं, दही. दिवसाला किमान ६० ग्रॅम. पोहे सोडले नाहीत, इंदूरचा माणूस पोहे कसे सोडेल? पण आता मोडाची उसळ आधी, मागून चार चमचे पोहे, आणि जलेबी शेजाऱ्याच्या बशीत. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास थांबा.

एका लॅबवाल्याने मला ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं होतं. मी ग्लास परत ठेवला. बायपास झालेल्याने ती तपासणी टाळावी, डंपिंग होतं, म्हणजे एवढं गोड एकदम आतड्यात उतरून मळमळ, घाम, धडधड सुरू होते. उपाशी आणि आपल्या नेहमीच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजलेली पुरते. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी करताना हिमोग्लोबिनही बघा. लोह कमी असलं तर तो आकडा खोटाच जास्त येऊ शकतो, आणि या ऑपरेशननंतर लोह नि बी-१२ अनेकदा कमी होतं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या.

शुगर भराभर उतरली की डोळ्यांच्या पडद्याचा जुना त्रास कधी कधी वाढतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी एकदा आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पडदा तपासून घ्या. बाहुली मोठी करायला थेंब घालतात, परतताना सगळं अंधुक दिसतं. मी ॲक्टिव्हा तिथेच सोडून रिक्षाने आलो. तुम्ही मुलाला बरोबर न्या.