स्वतःला जमणारा पाईप कसा निवडावा

तंबाखू ओढायचा पाईप घेताना बहुतेक जण फोटो बघून ठरवतात. डोळ्याला आवडलेला आकार चुकीचा असतो असं नाही, पण पाईप वापरायचा असतो दातांनी, बोटांनी आणि जिभेने. विकत घेऊन कपाटात पडून राहिलेले पाईप पाहिले तर ते दिसायला बहुधा देखणेच निघतात. अडचण वेगळीच असते: वजन दातांना पेलत नाही, तळाशी ओल साचते, किंवा आवडीच्या तंबाखूला त्यांचं तोंड फार रुंद किंवा फार अरुंद पडतं. म्हणून आकाराची निवड नावावरून न करता भागांवरून करावी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पाईपचा धूर छातीत ओढत नाहीत, तोंडात घोळवून सोडतात. तरीही तोंडाच्या, जिभेच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका त्यामुळे टळत नाही. जो ओढत नाही त्याने या छंदापायी सुरुवात करू नये. नुसते पाईप जमवणारेही पुष्कळ असतात आणि आकारांची माहिती त्यांनाही तेवढीच उपयोगी पडते.

तंबाखू भरायचा भाग म्हणजे बाऊल आणि त्यातली पोकळी म्हणजे चेंबर. बाऊलमधून निघणारा लाकडी दांडा म्हणजे शँक. तोंडात धरायची नळी ती स्टेम. तिच्या टोकाला दातांमागे अडकणारी कड असते, तिला बटन म्हणतात. स्टेमचं जे टोक शँकमध्ये शिरतं ते टेनन, आणि ते ज्या भोकात बसतं ते मॉर्टिस. आकाराचं नाव ठरतं ते बाऊलची ठेवण, शँकची लांबी आणि छेद, आणि स्टेमची घडण या तिन्हींवरून.

नावांमागचे आकार

बिलियर्ड हा पायाचा आकार. भिंती जवळपास सरळ, बाऊलची उंची शँकच्या लांबीइतकी, दोघांमध्ये काटकोन. यातच पोट फुगवलं की ॲपल, उंची कापून तोंड रुंद ठेवलं की पॉट, वरून रुंद आणि खाली निमुळतं केलं की डब्लिन. डब्लिनच्या उलट, बुडाशी फुगीर आणि तोंडाशी अरुंद, तो ब्रँडी. बसकं सफरचंद आणि त्याला लांब, बारीक, किंचित वाकलेली स्टेम असेल तर तो प्रिन्स. पुढे सातवा एडवर्ड झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्सवरून हे नाव पडलं. पोकरचं बूड सपाट असतं. तो टेबलावर आपला आपण उभा राहतो, त्यामुळे लिहिता-वाचताना ज्यांना पाईप अधूनमधून खाली ठेवावा लागतो त्यांच्या सोयीचा.

सगळ्यात गोंधळ होतो तो लांब शँकच्या चार भावंडांत. चौघांचाही बाऊल बिलियर्डचा, शँक लांब आणि स्टेम आखूड. छेद अंडाकृती आणि स्टेम सरळ निमुळती होत गेलेली असेल तर कॅनेडियन. छेद अंडाकृती, पण स्टेम सॅडल घडणीची, म्हणजे शँकपाशी जाड आणि मग एकदम उतरून चपटी झालेली, तर लंबरमन. छेद गोल आणि स्टेम निमुळती तर लिव्हरपूल. गोल आणि सॅडल तर लव्हॅट. शँकवर अंगठा फिरवला की निम्मा निकाल लागतो.

बुलडॉगची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण या आकाराचे चाहते फार कडवे असतात. त्याचा शँक चौकटच्या पत्त्यासारखा उभा चौकोनी असतो. तोच शँक गोल केला की रोडेशियन. दोघांच्याही बाऊलला जिथे सर्वांत जास्त रुंदी असते तिथे दोन बारीक खाचा गोल फिरवलेल्या असतात. तिथे भिंत जाड असते, त्यामुळे पाईप तापला तरी बोटांना चटका बसत नाही. हाच या आकाराचा खरा फायदा. दोष असा की त्या दोन खाचांमधली लाकडाची कड नाजूक असते. पाईप पडला की पहिला टवका तिथलाच उडतो आणि तो भरून काढला तरी दिसतोच. जुना बुलडॉग घेताना या कडेवरून नख फिरवून बघा. नख कुठे अडकलं किंवा कड बुजल्यासारखी लागली तर किंमत कमी करायला सांगा.

दातात धरणार की हातात?

हा प्रश्न सगळ्यांत आधी सोडवा. काम करताना पाईप दातात राहणार असेल तर वजन ४० ग्रॅमच्या आत असलेलं बरं. ५५-६० ग्रॅमचा पाईप हातातच शोभतो. पण नुसतं वजन बघून भागत नाही. बाऊल दातांपासून जितका दूर, तितका जबड्यावर ताण. ४५ ग्रॅमचा लांब सरळ पाईप अर्ध्या तासात जबडा दुखवतो, तर ४५ ग्रॅमचाच वाकडा पाईप तेवढा जड वाटत नाही, कारण वाकड्या पाईपचा बाऊल हनुवटीजवळ खाली लोंबतो. तपासायची सोपी रीत म्हणजे बटनाच्या मागे दोन बोटांत स्टेम चिमटीत धरून पाईप आडवा ठेवायचा. मनगट लगेच खाली ओढलं गेलं तर दातांचंही तेच होणार.

बटनाची उंची आणि दात बसतात तिथली स्टेमची जाडीही महत्त्वाची. ४ मिलिमीटरच्या आसपासची जाडी बहुतेकांना सुखाची वाटते, ५ च्या वर गेली की तोंडात काहीतरी कोंबल्यासारखं होतं. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरातल्या पीटरसन कंपनीचं १८९८ चं पी-लिप नावाचं टोक इथे अपवाद म्हणून सांगायला हवं. त्यात धुराचं भोक टोकाला नसून वर टाळूकडे उघडतं. धुराचा झोत जिभेवर येत नाही म्हणून काही जण त्याशिवाय दुसरं काही तोंडात धरत नाहीत, तर काहींना त्याचा जाड गोळा अजिबात सोसत नाही. विकत घेण्याआधी एकदा तोंडात धरून बघता आला तर फारच उत्तम.

सरळ, अर्धा वाकडा, पूर्ण वाकडा

जळत्या तंबाखूतून वाफ निघते आणि थंड नळीत ती पाणी होऊन बसते. सरळ पाईपमध्ये हे पाणी नळीभर पसरतं, आणि कापसाची तार, म्हणजे पाईप क्लीनर, एका दमात बाऊलच्या तळापर्यंत जाऊन ते टिपून आणते. वाकड्या पाईपमध्ये पाणी सगळ्यांत खालच्या जागी, म्हणजे बहुधा टेनन आणि मॉर्टिसच्या सांध्यापाशी साचतं आणि ओढताना गुडगुड आवाज येतो. त्यातही टेनन मॉर्टिसच्या तळापर्यंत पोचत नसेल आणि मध्ये एक-दोन मिलिमीटरची फट राहिली असेल तर त्या फटीत हमखास पाणी भरतं.

म्हणून वाकडा पाईप आवडत असेल तर तार न अडता आरपार जाते का हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पूर्ण वाकड्या पाईपमध्ये, उदाहरणार्थ दक्षिण आफ्रिकेतला बोअर नेता पॉल क्रूगर याच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या ऊम पॉलमध्ये, ती पुष्कळदा अडते. या अडचणीवर पीटरसनने १८९० च्या पेटंटमध्ये उपाय काढला. त्यांच्या सिस्टिम पाईपमध्ये धुराच्या वाटेखाली शँकमध्येच पाणी साचायला खोलगट जागा ठेवलेली असते, आणि स्टेम नुसती दाबून बसवलेली असते. त्यामुळे मध्येच काढून पाणी झटकता येतं. साध्या पाईपची स्टेम मात्र पाईप गरम असताना कधीही काढू नका. तापलेलं लाकूड आणि टेनन एकमेकांत आवळलेले असतात. ओढाताण झाली की टेनन मोडतं नाहीतर शँकला चीर जाते.

शेरलॉक होम्सच्या चित्रांमुळे ओळखीचा झालेला कॅलाबॅश हा वेगळाच प्रकार. दक्षिण आफ्रिकेत लोकप्रिय झालेला हा पाईप भोपळ्याच्या वाकड्या फळापासून करतात. वर मीरशॉम या हलक्या पांढऱ्या खनिजाची वाटी बसवलेली असते आणि खाली पोकळी. धूर त्या पोकळीत थंड होतो, पाणी तिथेच राहतं. ओढायला फार सौम्य, पण दातात धरायचा विचारही करू नये.

चेंबर आणि तंबाखू

चेंबरची रुंदी १९-२० मिलिमीटर आणि खोली ३५-४० मिलिमीटर हे मधलं माप. कोणता तंबाखू आवडतो हे अजून ठरलं नसेल तर याच मापापासून सुरुवात करावी. व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूच्या पट्ट्या घडी करून किंवा चुरून भरणाऱ्यांना अरुंद आणि खोल चेंबर बरा, १७-१८ मिलिमीटरचा. विस्तव लहान राहतो, धूर तापत नाही आणि जीभ भाजत नाही. लटाकिया, म्हणजे धुरावर सुकवलेला काळा तंबाखू, आणि पौर्वात्य पानं मिसळलेल्या मिश्रणांना पॉटसारखा रुंद चेंबर मानवतो, कारण एकाच वेळी सगळ्या जातींची पानं जळतात आणि चव एकजीव लागते. साखर आणि सुगंध लावलेला तंबाखू मुळातच ओलसर असतो. तो पूर्ण वाकड्या पाईपमध्ये भरणं म्हणजे गुडगुडीला आमंत्रण. त्याला सरळ पाईप किंवा ९ मिलिमीटरचा फिल्टर बसणारा पाईप द्यावा.

डब्लिनमध्ये चेंबरही बहुधा शंकूसारखा उतरतो. तळाशी राखेसकट तंबाखू दाबताना हात हलका ठेवावा लागतो, नाहीतर हवा बंद होते. दाबायचं टॅम्परही बारीक टोकाचं लागतं. रुंद टॅम्पर खालपर्यंत पोचतच नाही.

लाकूड, पृष्ठभाग, स्टेम

ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया या भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी वाढणारी गाठ. ती उकळून आणि वाळवून वापरतात. फ्रान्समधलं सेंट-क्लोड हे तिचे पाईप बनवणाऱ्यांचं जुनं गाव. सुरुवातीला गुळगुळीत पाईपच डोळ्यांत भरतो, पण सँडब्लास्टकडे दुर्लक्ष करू नका. वाळूचा मारा केल्यावर लाकडाचा मऊ भाग झडतो आणि वाढीची कडी वर उठून येतात. लंडनच्या डनहिल कंपनीचा १९१७ चा शेल याच जातीचा. असा पाईप हातात पकड देतो, थोडा हलका होतो, आणि त्याच कंपनीच्या गुळगुळीत पाईपपेक्षा बहुधा स्वस्तही मिळतो. गुळगुळीत पाईपवर मात्र लहान खड्डे लांबीने, म्हणजे पुटीने, बुजवलेले असतात का हे उजेडात तिरपं धरून बघावं. ओढण्यावर त्याचा परिणाम नगण्य असतो, किमतीवर मात्र व्हायला हवा.

स्टेम व्हल्कनाइटची असेल तर दातांना मऊ लागते, पण त्या रबरात गंधक असल्यामुळे ऊन आणि ओल लागून हिरवट-तपकिरी पडते आणि कडवट लागते. ॲक्रिलिकची चमकत राहते, पण दाताला कडक. रोज दातात धरणाऱ्याने व्हल्कनाइटच घ्यावी आणि प्रत्येक वेळी वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून अंधारात ठेवावी.

घेण्याआधीची तपासणी

ऑनलाइन घेताना लांबी, उंची, बाऊलची बाहेरची रुंदी, चेंबरची रुंदी, खोली आणि वजन ही सहा मापं मागा. बाहेरच्या रुंदीतून चेंबरची रुंदी वजा करून निम्मी करा, भिंतीची जाडी मिळेल. बाहेरून ३६ आणि आतून २० असेल तर भिंत ८ मिलिमीटरची, म्हणजे उत्तम. ५ च्या खाली गेली तर पाईप हाताला तापेल. मग पुठ्ठ्यावर त्याच मापाची आकृती काढून कापा आणि हातात धरून बघा. फोटोत भरभक्कम दिसणारा पाईप प्रत्यक्षात मुठीत हरवतो हे इथेच कळतं.

हातात असेल तर चेंबरमध्ये टॉर्च मारा. धुराचं भोक तळाच्या बरोबर मध्यावर, अगदी तळाशी उघडायला हवं. ते तीन-चार मिलिमीटर वर असेल तर तेवढा तंबाखू दर वेळी ओला आणि न जळता उरतो, आणि बाजूला सरकलेलं असेल तर विस्तव एकाच भिंतीकडे जातो. नुसता रिकामा पाईप ओढूनही बघा. शिट्टीसारखा आवाज आला किंवा स्ट्रॉमधून घट्ट लस्सी ओढल्यासारखं वाटलं तर वाट कुठेतरी अरुंद आहे. साधारण ३.५ ते ४ मिलिमीटरचं भोक मोकळं चालतं.

महाग ब्रायरच्या आधी मक्याच्या कणसाचा एक पाईप घ्यावा. अमेरिकेत मिसुरीतल्या वॉशिंग्टन गावची मिसुरी मीरशॉम कंपनी १८६९ पासून हे पाईप बनवते. ते हलके असतात, ओल शोषतात, आणि सरळ-वाकडे, रुंद-अरुंद असे सगळे मिळतात. दोन-तीन वेगळ्या मापांचे घेऊन महिनाभर वापरले की चेंबर किती हवा आणि बाक किती हवा याचं उत्तर मिळतं. मग ब्रायर घेताना फक्त चेहरामोहरा निवडायचा उरतो.

दोन ब्रायर झाले की आलटून-पालटून वापरा. एकदा ओढलेल्या पाईपला किमान एक दिवस विश्रांती हवी, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दोन. त्या दिवसांत पाईप बंद डब्यात ठेवू नका. तार आरपार घालून, बाऊल खाली आणि स्टेम वर करून हवेशीर जागी उभा ठेवा, नाहीतर शँकमध्ये बुरशी येते. चेंबरच्या भिंतीवर जमणारा कोळशाचा थर एक मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि त्यापेक्षा जाड झाला की बोथट सुरीने खरवडा. थर आणि लाकूड तापल्यावर सारखे फुगत नाहीत, आणि जाड थराखाली बाऊल तडकतो.