मिरवणुकांची जुनी छापील चित्रं बघताना या चुका टाळा

युरोपातल्या मिरवणुकांची, राज्याभिषेकांची, स्वागतसोहळ्यांची 16व्या-17व्या शतकातली वुडकट (लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेली चित्रं) आणि एचिंग्ज (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेली) आता घरबसल्या झूम करून बघता येतात, फार सुंदर काम आहे ते, पण बघताना काही चुका अगदी सर्रास होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चित्रात दिसतंय तसंच घडलं असणार असं धरून चालणं. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याची विजययात्रा दाखवणारा वुडकटचा संच घ्या, शंभराहून जास्त लाकडी ठोकळे, सगळे कागद जोडले तर 50 मीटरच्या पुढे जातात, त्यात वाजंत्री, झेंडे, घोडेस्वार आणि शेवटाकडे हत्तीसकट कालिकतचे लोकसुद्धा आहेत. आणि ही मिरवणूक कधी निघालीच नाही! सम्राट 1519 मध्ये वारला आणि संच छापून आला 1526 मध्ये. म्हणजे ही बातमी नाही, आपली आठवण कशी राहावी याची सम्राटाने स्वतः केलेली तरतूद आहे, आणि तशी बघितली की जास्त कळते.

सोहळा खरंच झालेला असला तरी तारखेत गल्लत होतेच. स्पेनचा राजपुत्र फर्डिनांड याचं आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पमध्ये स्वागत झालं 17 एप्रिल 1635 ला, स्वागताच्या कमानी चित्रकार रुबेन्सच्या कल्पनेतल्या, पण त्यांचा, चित्रकार थुल्डेनच्या एचिंग्जचा ग्रंथ आला तो काही वर्षांनी, फर्डिनांड वारल्यावर. त्यामुळे सोहळ्याची तारीख आणि छपाईची तारीख वेगवेगळी लिहून ठेवा.

दुसरी गडबड डाव्या-उजव्याची. ठोकळ्यावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर जे कोरलंय ते कागदावर उलटं उमटतं, त्यामुळे कोरणाऱ्याने मूळ चित्र जसंच्या तसं उतरवलं असेल तर मिरवणूक उलट्या दिशेला चालते. तलवार कुठल्या कमरेला आहे, बिशप कुठल्या हाताने आशीर्वाद देतोय ते बघा. अक्षरं सरळ वाचता येतात म्हणून चित्र सरळ असं समजू नका, अक्षरं मुद्दाम उलटी कोरलेली असतात.

आणि कृपा करून एकच कागद बघून निष्कर्ष काढू नका! मात्तेओ पागान या वुडकट करणाऱ्याने व्हेनिसमधली डोजची (तिथल्या निवडून आलेल्या प्रमुखाची) पाम संडेची (ईस्टरच्या आधीच्या रविवारची) मिरवणूक आठ ठोकळ्यांवर केलीय, पुढे झेंडे, मग लांबलचक चांदीचे कर्णे, मग अधिकारी, खुर्ची, उशी, छत्री, माणसांच्या डोक्यावर पदंसुद्धा छापलीयत. कोण डोजच्या किती जवळ चालतोय यावर त्याचा मान ठरायचा, म्हणून तुकड्यांचा क्रम चुकला की सगळा अर्थच गेला. वरच्या खिडक्यांमधून बघणाऱ्या बायका मात्र आवर्जून बघा, मला तरी चित्रातला सगळ्यात जिवंत भाग तोच वाटतो.

शेवटचं, जुना ठोकळा म्हणजे जुना छाप असं नाही. मॅक्सिमिलियनचे ठोकळे 1796 मध्ये पुन्हा छापले गेले, म्हणून मूळ कागद हाती आला तर तो उजेडासमोर धरून वॉटरमार्क (कागद बनवतानाच त्यात उमटलेली फिकट खूण) बघा, आणि रेघांमध्ये बारीक पांढरे ठिपके दिसले तर ठोकळ्याला कीड लागल्यानंतरचा छाप असण्याची शक्यता धरा.