द्विमितीय ॲरे: एरर न येता उत्तर चुकतं, या चुका टाळा

मराठवाड्याच्या ८ जिल्ह्यांचा १२ महिन्यांचा पाऊस साठवायला ८ ओळी आणि १२ स्तंभांचा ॲरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता, घेऊ. मोजणी ० पासून. छत्रपती संभाजीनगर ओळ ०, जालना १, बीड २; जानेवारी स्तंभ ०, म्हणजे जून ५. बीडचा जून झाला पाऊस[२][५].

पायथनमध्ये सगळ्यात जास्त फसवते ती ही ओळ:

पाऊस = [[०] * १२] * ८

दिसतात ८ ओळी, पण मेमरीत लिस्ट एकच आणि तिचेच ८ संदर्भ. बीडच्या जूनमध्ये १४० भरले की जालन्यापासून लातूरपर्यंत सगळ्यांचा जून १४०. पाऊस[०] आणि पाऊस[१] यांची तुलना ‘इज’ने करून पाहा, ‘ट्रू’ आलं तर घोळ इथेच आहे. उपाय: फॉर लूपच्या प्रत्येक फेरीत [०] * १२ नव्याने तयार करून अपेंड करा. तयार ॲरेची प्रत काढताना ‘कॉपी’नेही आतल्या ओळी मूळ ॲरेशी सामाईकच राहतात, स्वतंत्र प्रतीसाठी ‘डीपकॉपी’ हवी.

दुसरी चूक भाषा बदलताना होते. सी ओळ सलग साठवते, पायथनची नमपाय ही लायब्ररीही मुळात तसंच. फोरट्रान, मॅटलॅब, आर आणि ज्युलिया स्तंभ सलग ठेवतात, शिवाय मोजणी १ पासून. तिथे बीडचा जून ३, ६ वर. आरच्या ‘मॅट्रिक्स’ला जिल्हावार लिहिलेले ९६ आकडे आणि ८ ओळी एवढंच सांगितलं, तर संभाजीनगरचे जानेवारी ते ऑगस्ट पहिल्या स्तंभात उभे भरले जातात. ९६ ला ८ ने पूर्ण भाग जातो, म्हणून इशाराही येत नाही. आकडे ओळीने भरले जावेत म्हणून ‘बायरो’ ट्रू करा. खरा डेटा भरण्याआधी प्रत्येक जागेसाठी ओळ × १०० + स्तंभ हा आकडा फाईलमध्ये लिहून ती दुसऱ्या भाषेत वाचून बघा: बीडच्या जूनला २०५ मिळालंच पाहिजे. ही तपासणी कधीही टाळू नका.

सीमध्ये पाऊस[२, ५] लिहिलं तर स्वल्पविराम ऑपरेटर २ टाकून देतो आणि हातात येते अख्खी ओळ ५. पाऊस[२][१२] तर हद्दीबाहेर. बहुधा पुढच्या जिल्ह्याचा जानेवारी मिळतो, पण भाषेची तशी हमी नाही. फंक्शनला ॲरे देताना स्तंभसंख्या १२ लिहावीच लागते, कारण जागा २ × १२ + ५ = २९ अशी काढली जाते. पॉइंटरचा (मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या चलाचा) पॉइंटर इथे चालत नाही.

जावात फक्त ओळींची संख्या देऊन ॲरे बनवला तर आठही ओळी ‘नल’ असतात, म्हणजे अजून तयारच झालेल्या नसतात. आधी प्रत्येक ओळ तयार करा, मगच आकडे भरा.