बर्फाच्या उभ्या घळी आणि सरता वसंत: स्की-स्नोबोर्डवाल्यांनो, या चुका टाळा

मे-जूनमध्ये कुलॉर उतरायला निघालेल्या माणसाचं सगळं लक्ष पायाखालच्या बर्फाकडे असतं. कुलॉर म्हणजे दोन कातळभिंतींमधली अरुंद नाळ, बहुधा 40 ते 50 अंशांची. वरच्या उतारावरून, भिंतींवरून, कड्यावर लोंबणाऱ्या कॉर्निसमधून (वाऱ्याने साचलेल्या बर्फाच्या छज्जातून) जे काही सुटतं ते याच नाळेतून खाली येतं, नरसाळ्यातून तेल यावं तसं. बाजूला सरकायला जागा नसते. म्हणून वेळ ठरवताना आधी डोक्यावर काय आहे ते बघायचं. बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

"रात्री थंडी होती की!"

थंडीवर विसंबू नका. बर्फाचा पृष्ठभाग गोठतो तो मुख्यतः मोकळ्या आकाशाकडे उष्णता सोडून. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर तापमान शून्याच्या किंचित वर असूनही वरचा थर कडक होतो. ढगांचं पांघरूण असलं की आपल्याला हुडहुडी भरते आणि बर्फ मात्र ओलाच राहतो. त्यामुळे हवामानाच्या अंदाजात तापमानाइतकंच ढगांकडेही बघा.

खरा निकाल घळीच्या तोंडाशी लागतो. पहाटे हेडलॅम्पच्या उजेडात स्की काढा आणि सगळं वजन एका बुटावर टाका. बूट वरच राहिला, क्रॅम्पॉनचे (बुटाखाली बांधायच्या लोखंडी दात्यांच्या पट्ट्यांचे) दात करकरले, तर छान. घोट्यापर्यंत रुतला तर काठी उलटी धरून मुठीकडून खुपसा. दोन-तीन सेंटिमीटरचा पापुद्रा आणि खाली भिजलेल्या साखरेसारखा लगदा लागला, तर गोठण नुसती वरवरची आहे. ऊन आलं की ती बघता बघता जाईल. गुडघ्यापर्यंत गेलात तर चर्चा नको, परत फिरा. सलग दोन-तीन रात्री गोठण झालेली नसेल तर पाणी आतल्या थरांपर्यंत मुरतं आणि अख्खी लादी सुटू शकते. तेव्हा निघायचंच नाही.

"उत्तरेची घळ आहे, ऊन येतंय कुठे?"

येतं. उत्तर गोलार्धात जूनमध्ये सूर्य ईशान्येकडून उगवतो, वायव्येकडे मावळतो. उत्तरेच्या घळीतही सकाळी लवकर तिरकं ऊन शिरतं, ईशान्येच्या घळीत तर उजाडताच. त्याहून फसवा प्रकार म्हणजे घळ सावलीत आणि वरची भिंत उन्हात. तुम्ही गारव्यात निवांत चढत असता आणि 300 मीटर वर काळा कातळ तापत असतो. रात्रभर बर्फाने धरून ठेवलेले दगड तिथून सुटतात. पहिली खूण बारीक असते: एखादा खडा टणटणत जातो, बर्फाचे छोटे लाडू घरंगळत येतात. "अजून एवढंच राहिलंय" हे वाक्य नेमकं तेव्हाच तोंडात येतं. माथा पन्नास पावलांवर असला तरी तिथून वळावं, असं माझं मत आहे.

हिशेब उलटा मांडा. 600 मीटरची चढण, तासाला 250 ते 300 मीटरचा वेग, म्हणजे दोन ते अडीच तास. उतरायला आठ वाजता सुरुवात करायची तर वर तयारीला अर्धा तास धरा. म्हणजे पायथा पाचच्या सुमारास सोडायला हवा, आणि तिथवरची चाल त्याच्याही आधी.

"जितक्या लवकर तितकं चांगलं"

ही चूक शहाणी माणसं करतात. दगडांच्या आणि हिमस्खलनाच्या भीतीने ती सहाला माथ्यावर पोचतात आणि काचेसारख्या बर्फावर लगेच सुटतात. 45 अंशांच्या गोठलेल्या उतारावर घसरलात तर पहिल्या क्षण-दोन क्षणांत थांबलात तर थांबलात. हवा असतो तो मधला काळ, वरचे दोन-तीन सेंटिमीटर रवाळ झालेले आणि खाली भक्कम पाया असतानाचा. त्याची वाट बघावी लागते, कॉर्निसच्या टोकापासून लांब बसून. ऊन आलंच नाही, तर क्रॅम्पॉन चढवून, आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची छोटी कुदळ) हातात घेऊन पायी उतरा. त्यात कमीपणा नाही. अमेरिकन स्कीपटू बिल ब्रिग्ज 15 जून 1971 रोजी अमेरिकेतल्या ग्रँड टीटन शिखरावरून स्कीने उतरले, तेव्हा एका टप्प्यावर त्यांनीही दोरच लावला होता.

दगड टाळायला भिंतीला चिकटून चालणंही बेतानेच करा. तापलेला कातळ शेजारचा बर्फ वितळवतो आणि मध्ये फट पडते. वरून ती पातळ बर्फाने झाकलेली असते, आत माणूस मावेल एवढी. घळीच्या तळाशीही हाच धोका. पाण्याचा आवाज आला की पायाखाली पोकळी आहे असं समजा.

उतरताना तुमच्याच वळणांनी सुटलेला ओला बर्फ मागून येतो. तो हळू वाटतो, पण ओल्या सिमेंटसारखा जड असतो आणि पाय धरला की सोडत नाही. त्याच्याशी शर्यत लावू नका. तीन-चार वळणं घ्या, कडेच्या उंचवट्यावर थांबा, त्याला पुढे जाऊ द्या. एका वेळी एकच जण. बाकीचे आडोशाला, घळीच्या मध्यात कुणीही नाही. मध्यभागी पन्हळीसारखी खोल चर पडली असेल तर ती बहुधा कडक असते. ओलांडायची जागा वरूनच हेरून ठेवा. स्नोबोर्डवाल्यांनी कडक भागात टाचेच्या कडेवर फार वेळ राहू नये, ती थरथरून सुटते. पंजांच्या कडेवर तोंड चढाकडे असतं आणि अ‍ॅक्सही मारता येते. अर्थात ती हातात असली तर. पाठीवर बांधलेल्या अ‍ॅक्सचा पडताना काही उपयोग नाही.

आता माथ्यावरची तयारी. अपघात इथेही होतात, चढून दमल्यावर, घाईत. आधी स्कीच्या लांबीएवढा सपाट ओटा खणा. बुटाच्या टोकाच्या खाचांमध्ये बर्फ अडकला असेल तर तो टोकदार वस्तूने काढा, नाहीतर बाइंडिंगच्या (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या) पिना अर्धवट बसतात आणि पहिल्याच उडीच्या वळणाला स्की निघते. उताराकडची स्की आधी घाला, मग वरची. प्रत्येक पाय दोनदा आपटून बघा. कडक उतारावर निसटलेली स्की ब्रेक असूनही थांबेलच असं नाही, आणि बोर्डला तर ब्रेकच नसतो. दोरी आधी पायाला, मग बोर्ड खाली. बाइंडिंगची पुढची खटकी लॉक करायची का, यावर मतं वेगळी आहेत. लॉक केली तर स्की चुकून निघत नाही, पण हिमस्खलनात ती पायाला अडकून तुम्हाला खाली ओढते. जिथे पडणं परवडणारच नाही तिथे मी लॉक करतो, आणि घळ रुंदावली की थांबून उघडतो.